मांजरेत सोडलेला नारळ

आमच्या वाडीत नारळी पौर्णिमा नावाचा सण असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. पाटोद्याच्या खालच्या अंगाला, मांजरेच्या काठी, धनगरांची दहा-पंधरा घरं, त्यांची मेंढरं, दिवसभर उगाच भुंकणारी कुत्री आणि बाभळी, एवढीच आमची वाडी. श्रावणात सगळ्यांचं लक्ष गवताकडे आणि मेंढ्यांच्या खुरांकडे. नारळ आलाच तर तो बिरोबापुढे फुटायचा आणि खोबऱ्याचा तुकडा तुकडा सगळ्यांच्या तोंडात जायचा. असा अख्खा नारळ, न फोडता, हळदकुंकू लावून नदीत सोडून देणारी बाई एक तर सावकाराघरची असली पाहिजे, नाहीतर डोक्यानं अधू. माझी थोरली चुलती अंजना सावकाराघरची नव्हती, तेव्हा वाडीनं उरलेलं ते ठरवून टाकलं.

आता तीच माणसं तिची गोष्ट निघाली की डोळ्याला पदर लावतात. मी त्यांच्यातच वाढले म्हणून मला बोलायचा हक्क आहे. हसताना सगळ्यांत पुढे हीच होती.

अंजनाकाकूला मी फार थोडी पाहिली. उंच होती, बोलताना मधूनच ‘गो’ म्हणायची, आणि भाकरी थापता थापता हात थांबवून मावळतीकडे बघत बसायची, एवढंच मला आठवतं. बाकीचं सगळं सिदूआप्पानं सांगितलं. सिदूआप्पा म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ, तिचा नवरा. आयुष्यभर ह्या माणसाच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी काढायचं काम. ती गेल्यावर मात्र तो बोलायला लागला आणि मग थांबेना.

मोठ्या दुष्काळात, म्हणजे जुनं शतक सरत होतं त्या साली, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, गवताची काडी राहिली नव्हती. अंजनाचा बाप सटवा नांदूरघाटाकडचा. त्याची मेंढरं एकेक करून बसली ती उठली नाहीत. मागोमाग बायको गेली. खाली समुद्राकडे मिठागरांत काम मिळतं असं कुणीतरी म्हणालं, म्हणून उरलेली एक पोर खांद्यावर टाकून तो लोकांच्या लोंढ्याबरोबर घाट उतरला आणि अलिबागेला पोचला. काम मिळालं, पण मिठागराच्या उन्हात सात-आठ वर्षांची पोर ठेवायची कुठं? कोळीवाड्यात हारकूबाय नावाची मासळी विकणारी विधवा होती. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या ओट्यावर पोर बसवून सटवा म्हणाला, संध्याकाळी येतो. संध्याकाळी तो आला तेव्हा पोर पोटभर भात खाऊन हारकूच्या मांडीवर झोपली होती. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिचं पोट भरलं होतं. सटवानं तिला उठवलं नाही.

दुष्काळ सरल्यावर तो वर परत आला. चार मेंढ्या जमवतो आणि पोरीला न्यायला येतो, असं हारकूला सांगून आला होता. चार मेंढ्या जमायला त्याला फार वर्षं लागली.

तेवढ्यात अंजना अलिबागेची झाली. अलिबाग म्हणजे केवढं? आमच्या बीडपेक्षाही लहान, पण दाटी विचारू नका. कोळीवाड्यात एका घरात मिरची कुटली की तिसऱ्या घरात शिंका. वळचणीला वळचण, वर काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, खाली जाळी, कोंबड्या, पोरं आणि भांडणं. भांडणसुद्धा एका घराचं नसायचं, सगळी गल्ली त्यात उतरायची, आणि दुपारी भांडलेल्या बायका तिन्हीसांजेला एकाच ओट्यावर बसून एकमेकींच्या उवा काढायच्या. आमच्याकडे दुसरं माणूस दिसायला टेकडी ओलांडावी लागते. अंजना पहिल्यांदा त्या गर्दीला घाबरली, मग तिला त्या कलकलाटातच झोप लागायला लागली.

समोर पाण्यात किल्ला होता. ओहोटी लागली की पाणी मागे सरायचं आणि माणसं चालत किल्ल्यात जाऊन यायची. वेळ चुकली की पुढच्या ओहोटीपर्यंत बसा तिथंच देवाचं नाव घेत. अंजना चंद्र बघून भरती कधी ते सांगायला शिकली. संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडायचा तो रोज बघायला मिळायचा, आणि हारकू टोपली खाली ठेवून त्याला हात जोडायची. पावसाळ्यात दर्या बंद. होड्या वाळूवर ओढून नारळाच्या झापांनी शाकारलेल्या, पुरुष घरात बसून जाळी विणणार आणि बायकांवर खेकसणार. मग श्रावणातली पौर्णिमा. त्या दिवशी सगळा कोळीवाडा नटून, वाजतगाजत किनाऱ्यावर जायचा. सोनेरी कागद लावलेला मानाचा नारळ पहिला पाण्यात, मग घराघराचा. आमची माणसं सांभाळ, एवढंच मागणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला कितीतरी नारळ परत वाळूवर येऊन पडलेले असायचे. ज्याला मिळेल त्यानं उचलावा, दर्यानं दिला म्हणून.

हारकूचा नवरा दर्यावर गेला तो आलाच नव्हता. तरी ती दर वर्षी नारळ द्यायची. अंजनानं एकदा विचारलं, तुझं माणूस तर त्यानं ठेवून घेतलं, मग नारळ कशाला? हारकू म्हणाली, दर्यावर राग धरून कुठं जायचं, राहायचं तर त्याच्याच दारात ना?

आणि एक दिवस सटवा दारात उभा राहिला. दाढी पिकलेली, खांद्यावर घोंगडी, तोंडात एकच वाक्य, पोरीचं लगीन ठरवलंय. अंजना त्याला ओळखू शकली नाही. हारकूनं ओळखलं. तिनं भांडण केलं नाही, ज्याची पोर त्याची, असं म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ चुलीपाशी उगाच फुंकर मारत बसली.

निघताना अंजनानं तिच्या कमरेला जी मिठी मारली ती सुटेना. तेव्हा हारकूनं तिला समजावलं ते शब्द सिदूआप्पाला पाठ होते. अंजनाकाकूनं त्याला किती वेळा सांगितले असतील कोण जाणे.

“ररू नको गो बाय. तुज्या गावान नदी हाय ना? मंग नारली पुनवेला नदीन नारल सोर. नदी दर्यालाच येते. नारल मना गावला का मी समजन, माजी अंजू बरी हाय.”

“आनि नाय गावला तर?” अंजनानं विचारलं.

हारकूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तू सोर. गावल.”

असं ते ठरलं. पोरीला गप्प करायला बोललेलं बोलणं होतं, पण अंजनानं ते गाठीला बांधून आणलं.

आमच्या वाडीत नवी नवरी आली ती अशी. इथं तिला झोप येईना. तिला शांततेची भीती वाटायची. रात्री वाऱ्यानं बाभळीच्या शेंगा वाजल्या की ती उठून बसायची, भरती आली असं वाटून. अंगावर पाणी कोरडं होऊन जातं, कातडी तडतडते, हवेला चवच नाही, अशा तिच्या तक्रारी. आमच्या बायकांना वाटायचं, हवेला कसली आली चव? पाटोद्याच्या बाजारात नगरकडचा एक माणूस कधीमधी सुके बोंबील विकायला आणायचा. वास आला की लोक नाकाला धोतर लावून पुढे जायचे, आणि ही तिथं जाऊन उभी राहायची, काही न घेता. एकदा सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, सारजाबाईनं, तिला दंडाला धरून ओढून आणलं. “मेलेल्या मासळीपुढं उबी ऱ्हाती, लोक काय म्हनतील?” लोक जे म्हणायचं ते म्हणतच होते.

पहिला श्रावण आला तेव्हा तिनं सिदूआप्पाला विचारलं, “आवो, ही नदी दर्याला जाती का?”

आप्पा तेव्हा विशीतला. बायको आल्यापासून नीट जेवत नव्हती. तो म्हणाला, “जाती की. समद्या नद्या दर्यालाच जात्यात.”

हे खोटं नव्हतं, पण तिचा दर्या कोणता आणि आमच्या नदीचा कोणता, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला चांगलं माहीत होतं. मांजरा आमच्या वाडीशेजारी म्हसोबाच्या टेकडीला वळसा घालते आणि तेवढ्या तुकड्यात चक्क मावळतीकडे वाहते. टेकडीआड गेली की परत फिरते आणि उगवतीचा रस्ता धरते तो कायमचा. दिवाळीनंतर आमची मेंढरं दर वर्षी त्याच काठानं खाली जातात, वाडीतल्या शेंबड्या पोरालाही नदी कुठं जाते ते ठाऊक. पण अंजनाकाकू सासूच्या दुखण्यामुळे वाडीतच राहायची, मेंढरांमागे कधी गेली नव्हती. तिनं वळणावर उभं राहून पाहिलं तर पाणी सूर्य बुडतो तिकडे चाललेलं. ह्याहून जास्त पुरावा कशाला लागतो?

आप्पानं बाजारातून नारळ आणून दिला. तिनं तो वळणावर सोडला आणि त्या संध्याकाळी ती दोन भाकरी जेवली. झालं, आप्पाचं तोंड कायमचं बंद झालं. पुढच्या श्रावणात सांगू, मग त्याच्या पुढच्या, असं करत करत सांगायची वेळच निघून गेली. वाडीतल्या माणसांना त्यानं दम दिला, हिच्यापुढं नदीचं नाव काढलं तर बघा. लोकांनी नाव काढलं नाही, पण ती नारळ घेऊन निघाली की दारादारातून हसणं काही बंद झालं नाही. माझे वडील, बंकट, तेही हसायचे. मी त्यांना सोडणार नाही.

एका साली श्रावण आला तरी पाऊसच झाला नाही. मांजरेत वाळू. तेव्हा ती नारळ पदरात बांधून, आप्पाला बरोबर घेऊन, चालत कपिलधारला गेली. तिथं कड्यावरून करंगळीएवढी धार पडत होती. खालच्या डोहात तिनं नारळ सोडला तर तो तिथंच गोल गोल फिरत राहिला. आप्पा म्हणाला, पाऊस आला की निघंल. ती सांजवेळेपर्यंत बसून राहिली. यात्रेकरूंपैकी कुणीतरी तो नारळ उचलून फोडणार हे आप्पाला दिसत होतं, म्हणून तो तिला घाईनं घेऊन आला. त्या साली पाऊस फार उशिरा आला आणि ती प्रत्येक सरीला म्हणायची, आता निघाला असंल.

मग सारजाबाई गेली. घरात मागं राहायला कारण उरलं नाही आणि त्या दिवाळीनंतर अंजनाकाकू पहिल्यांदा मेंढरांबरोबर निघाली. ह्याला काय करावं ते आप्पाला सुचेना. त्यानं दुसऱ्या वाटेनं जायचं काढलं, तर माझे वडील म्हणाले, पाणी सोडून डोंगरानं मेंढरं नेतोस, अक्कल गहाण टाकली का काय?

टेकडी ओलांडली आणि सकाळी सूर्य नदीच्या अंगावर समोरून उगवला. अंजनाकाकू बिऱ्हाड लादलेल्या घोड्याचा दोर धरून उभी राहिली.

“आवो, नदी उगवतीकडं कावून चालली?”

“वळण हाय,” आप्पा म्हणाला.

ती पुढच्या वळणाची वाट बघत चालू लागली. दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला, केज मागे पडलं. रोज सकाळी सूर्य तोंडावर आणि रोज संध्याकाळी पाठीवर. ती विचारायची थांबली. आप्पा म्हणायचा, तिनं विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. एका उतारापाशी भाजीचा मळा करणारा म्हातारा होता. मेंढरं पाण्यावर गेली असताना ती त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, “बाबा, ही नदी कुठं जाती?”

“बेदरकडं की. मंग गोदेला मिळती. तिकडून पार तेलंगी मुलकात,” म्हातारा म्हणाला. “कावून गं, काय वाहून गेलं का?”

त्या रात्री तिनं चूल पेटवली नाही. आप्पानं स्वतः भाकरी केल्या, त्या करपल्या, आणि माझ्या वडिलांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या. ती आप्पावर ओरडली असती, तोंडाला येईल ते बोलली असती तर बरं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, “तुमाला म्हाईत हुतं.”

आप्पा म्हणाला, “व्हय.”

“तिला एक बी नारळ गावला न्हाई. मी मेले म्हनून तिनं माझ्या नावानं पाणी सोडलं असंल.”

एवढ्या वर्षांत तिला दुःख होतं ते दूर असल्याचं. त्यात एक आधार होता की तिकडे हारकू किनाऱ्यावर येते, नारळ उचलते, माझी पोर बरी आहे म्हणते. तो आधार एका म्हाताऱ्या मळेकऱ्यानं, वांगी खुडता खुडता, काढून घेतला. पुढचे कित्येक दिवस ती मेंढरांमागे चालत होती, पण नदीकडे पाठ करून बसायची. लेकरू नव्हतं तिला. आईसारखी एकच बाई होती, आणि त्या बाईच्या लेखी ती मेली होती.

आप्पानं काय केलं तर मेंढरं परत वाडीवर आली त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, येत्या श्रावणात आम्ही दोघं खाली दर्यावर जाणार. माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला. पावसात कळप सोडून जायचा? खुरं सडायची, लांडगे यायचे, सगळं एकट्याच्या गळ्यात. माझी आई तर थोरल्या जावेशी महिनाभर बोलली नाही. आप्पा बधला नाही. आयुष्यात त्यानं तेवढी एकच गोष्ट हट्टानं केली असेल.

वाटखर्चाला विकू म्हणून त्यानं चार नवी घोंगडी घेतली, घरी विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली. जामखेडच्या अलीकडे करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरच्या शिपायानं त्यातलं एक अंगावर घेऊन पाहिलं आणि नाखुशीनं परत दिलं. नगरला आगगाडी. काकू म्हणायची म्हणे, गाडीत बसल्यावर आप्पानं बाक असा धरला की उतरताना त्याची बोटं सोडवावी लागली. पुढे घाट उतरले आणि कोकणचा पाऊस लागला तेव्हा आमच्या शहाण्याला कळलं की खळीचं घोंगडं तिकडे कुणी का घेत नाही. चारी घोंगड्यांची खळ सुटली, चिकट चोथा झाला, आप्पा स्वतः त्यात चिकटला. वाटेतल्या बायका नाक दाबून हसल्या. अंजनाकाकूही हसली. किती महिन्यांनी ती हसली, म्हणून आप्पाला घोंगड्यांचं काही वाटलं नाही.

पेणच्या पुढे ओढ्याला पूर आला आणि ते दोघं अडकून पडले. पौर्णिमेचा दिवस तिथंच गेला, पाणी उतरायची वाट बघत. काकू रडकुंडीला आली. पाणी उतरल्यावर रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अलिबाग गाठलं.

गल्ल्या तशाच होत्या, वळचणीला वळचण. आप्पाला तिथं श्वास घ्यायला जागा दिसेना, आणि ही मात्र अंधारातसुद्धा सापडली असती अशी वळणं घेत चाललेली. हारकूच्या दाराला बाहेरून कडी होती. काकूनं ती कडी उगाच दोनदा वाजवली. शेजारची एक बाई माशाचं पाणी टाकायला बाहेर आली, तिनं परक्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाली, “म्हातारी? ती किनाऱ्याव गेली. पुनवेच्या दुसऱ्या दिशी जातेच ती.”

ओहोटी होती. पाणी किल्ल्यापर्यंत मागे गेलं होतं, ओली काळी वाळू पसरली होती आणि तिच्यावर इथंतिथं नारळ पडले होते. लोक उचलत होते, पोरं भांडत होती. त्यांच्यापासून लांब एक वाकलेली बाई चालली होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नसावं, कारण ती पायानं चाचपत होती. एक नारळ पायाला लागला, तिनं उचलला, सगळीकडून हात फिरवला आणि ठेवून दिला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मग एक बारकासा, शेंडी झडलेला, खरवडलेला नारळ तिच्या हाताला आला. तो तिनं दोन्ही हातांनी धरला, पदरानं पुसला आणि कुणी ऐकायला नसताना बोलली.

“यो माज्या अंजूचा. लांबशी आला, म्हनून घासलाय.”

आप्पा सांगायचा, मी बायकोकडे बघितलं तर ती जागेवर नव्हती. ती धावत सुटली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, आणि दोघी वाळूवर बसल्या त्या उठेनात. हारकूनं तिचं तोंड, कान, दंड, सगळं नारळासारखंच हातानं चाचपून पाहिलं. मी आपला चिकट घोंगडी घेऊन उभा, कुणी माझ्याकडे बघेना.

घरी गेल्यावर हारकूनं वर बोट दाखवलं. आढ्याला जुन्या जाळ्याचा तुकडा टांगला होता आणि त्यात नारळच नारळ. काही आतून सुकून खडखड वाजणारे, काही काळे पडलेले. एकही तिनं फोडला नव्हता. नवा नारळ त्यात ठेवून ती म्हणाली, ये बघ, तू धारलेले, म्हणजे धाडलेले. एक बी साल चुकलं नाय.

अंजनाकाकूला राहवेना. खोटं घेऊन परत जायचं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, “आये, यातला एकबी माजा न्हाई. आमची नदी हिकडं येतच न्हाई. ती उलटी जाती, दुसऱ्या दर्याला. मला म्हाईत नव्हतं.”

आप्पानं मान खाली घातली. हारकूनं जाळ्याला हात लावला, आतले नारळ एकमेकांवर वाजले.

“मंग ये नारल कोनाचे?” ती म्हणाली.

हारकूला उत्तर नकोच होतं. तिनं चूल पेटवली, भात घातला आणि जावयाला विचारलं, माशाचा काटा काढता येतो का.

आठ-पंधरा दिवस राहून ते परत आले. यावंच लागलं, इथं मेंढरं होती, भाऊ होता. हारकू घाटावर यायला तयार नव्हती, दर्या सोडून कुठं जाऊ म्हणाली. निघताना ह्या खेपेला काकू रडली नाही. हारकूनं एवढंच सांगितलं, “नारल धार गो.”

आणि काकू धाडत राहिली. पुढच्या श्रावणात ती नारळ घेऊन निघाली तेव्हा माझ्या वडिलांना राहवलं नाही. म्हणाले, “वैनी, आता तर नदी कुठं जाती त्ये कळलं ना?”

ती म्हणाली, “नदी कुठंबी जाऊ द्या. तिकडं माझी आय सकाळी किनाऱ्यावर उतरती का न्हाई?”

वडील पुन्हा हसले नाहीत. ती ओढ मात्र कमी झाली नाही. उलट वाढली. संध्याकाळी भाकरीवरचा हात थांबवून मावळतीकडे बघणारी जी काकू मला आठवते, ती ह्या दिवसांतली. परत एकदा जाऊ, असं आप्पा दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी काहीतरी निघायचं.

मग मानमोडीचा ताप आला. जर्मनची लढाई सरत आली होती ते साल. घरटी माणसं गेली, उचलायला माणूस मिळेना. अंजनाकाकू तापात दोन दिवस होती. तापात ती भरतीच्या वेळा सांगत होती, पाणी चढलं, आता किल्ल्यात जाऊ नका. ती गेली तेव्हा आप्पानं मांजरेवरच सगळं केलं, त्याच वळणावर.

पुढचा श्रावण आला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सिदूआप्पा पाटोद्याला गेला आणि येताना नारळ घेऊन आला. हळदकुंकू त्याला लावता येईना, ते माझ्या आईनं लावून दिलं. तो एकटाच नदीवर निघाला तेव्हा माझे वडील त्याच्यामागे गेले.

“दादा, ती न्हाई राहिली आता,” ते म्हणाले. “तू ह्ये कुनासाठी करतूस?”

आप्पा गुडघाभर पाण्यात उतरला होता. त्यानं नारळ सोडला आणि तो टेकडीआड जाईपर्यंत बघत राहिला. मग मागे न वळता म्हणाला, “उद्या म्हातारी किनाऱ्याव उतरंल. पोर गेली आसं तिला कावून कळू द्यायचं?”